हात मळवून शिकायचा इतिहास

बाल्टिमोरमध्ये जॅनेट स्टीव्हन्स नावाच्या एक केशरचनाकार आहेत. २००१ साली त्या तिथल्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात गेल्या आणि रोमन सम्राज्ञी ज्युलिया डॉम्ना हिच्या अर्धपुतळ्यापाशी थबकल्या. अशा वेळी बाकीचे लोक चेहरा बघतात. यांनी मागे जाऊन अंबाडा बघितला. धंद्याची सवय, दुसरं काय! घरी येऊन तशीच केशरचना करायला घेतली, तर काही केल्या जमेना. पिना खोचल्या की वेण्यांचं वजन त्यांना खाली ओढी आणि सगळा डोलारा मानेवर येई. तोवर बऱ्याच अभ्यासकांचं मत होतं की हे टोप असणार, खऱ्या केसांत एवढं काही उभं राहत नाही.

मग त्यांनी जुने रोमन उल्लेख वाचून काढले. त्यांत एक लॅटिन शब्द वारंवार येत होता, ‘आकुस’. भाषांतरकारांनी केसांच्या संदर्भात त्याचा अर्थ नेहमी ‘केसांची पिन’ असा लावला होता. पण त्याच शब्दाचा अर्थ ‘सुई’ असाही होतो. स्टीव्हन्सनी दाभणासारखी सुई आणि लोकरीचा दोरा घेतला, वेण्या एकमेकींना चक्क शिवून टाकल्या आणि अंबाडा उभा राहिला. टोपाची गरजच नव्हती. २००८ मध्ये त्यांचा हा शोध रोमन पुरातत्त्वाच्या एका नामांकित संशोधनपत्रिकेत छापून आला.

यात शब्दकोश चुकला नव्हता. दोन्ही अर्थ त्यात होतेच. फक्त त्यातला कोणता घ्यायचा हे ठरवणाऱ्यांपैकी कोणी आयुष्यात दाट केसांचा अंबाडा घातला नव्हता.

हाताने काहीतरी करून बघत इतिहास शिकवणारे जे छोटे अभ्यासक्रम अलीकडे ठिकठिकाणी दिसतात, त्यांच्यामागचं सगळं तर्कशास्त्र या एका गोष्टीत आहे. कोणी त्यांना कार्यशाळा म्हणतं, कोणी शॉर्ट कोर्स. मुदत अर्ध्या दिवसापासून आठवडाभरापर्यंत. परीक्षा नसते, पदवी नसते. जुना पदार्थ शिजवायचा, जुन्या रीतीने सूत कातायचं किंवा शाई बनवायची, जुना चित्रपट तुकडे करून पाहायचा, कधी स्वतः तसाच एक तुकडा चित्रित करायचा आणि त्यातून त्या काळाबद्दल काय कळतं ते बोलायचं. वरवर पाहता हे सुट्टीतलं मनोरंजन वाटतं. पुष्कळदा ते तेवढंच असतं, हेही खरं. पण नीट बांधलेला अभ्यासक्रम असेल तर तो ग्रंथालयात न मिळणारं काहीतरी देतो. ते काय, हे जरा विस्ताराने सांगते.

कागदावर काय येत नाही

लिहिणारा माणूस वाचणाऱ्याला जे ठाऊक असतं ते लिहीत नाही. पाककृतीत ‘पीठ मळून घ्यावे’ एवढंच असतं. किती, कसं, हाताला कसं लागेपर्यंत, हे नसतं. लिहिण्याची गरजच नव्हती. त्यामुळे जी गोष्ट ज्या काळात सगळ्यांना माहीत होती, तीच नेमकी त्या काळाच्या कागदपत्रांतून गायब असते. राजाची वंशावळ सापडते, पण राजाच्या भाकरीचं पीठ कोणी दळलं आणि त्याला किती वेळ लागला, हे सापडत नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंताने विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रकारच्या ज्ञानाबद्दल सविस्तर लिहिलं. आपल्याला करता येतं पण शब्दांत पुरतं सांगता येत नाही, असं हे ज्ञान. मराठीत त्याला ‘अव्यक्त ज्ञान’ म्हणतात. मला ‘हातातलं ज्ञान’ जास्त बरं वाटतं.

हे ज्ञान परत मिळवायचा एकच मार्ग आहे: पुन्हा करून बघणं. पुरातत्त्वात या पद्धतीला प्रायोगिक पुरातत्त्व म्हणतात. डेन्मार्कमध्ये लायर इथे १९६४ पासून आणि इंग्लंडमध्ये बट्सर इथे १९७२ पासून जुन्या पद्धतीची घरं बांधून, शेती करून, नोंदी ठेवून हे काम चालू आहे. फ्रान्समध्ये गेदलों इथे १९९७ साली एक किल्ला बांधायला घेतला, तेराव्या शतकातल्या हत्यारांनी आणि तंत्रांनी. अनेकांना तो तेव्हा श्रीमंती हट्ट वाटला. २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं लाकडी छत जळालं आणि ते पुन्हा जसंच्या तसं उभारायचं ठरलं, तेव्हा हातकुऱ्हाडीने ओली लाकडं तासून तुळया बनवू शकणारे सुतार हवे झाले. त्यांतले काही गेदलोंला तयार झालेले होते.

रांधून बघायचं

अन्नाचे अभ्यासक्रम सर्वांत लोकप्रिय, आणि सर्वांत जास्त वाया जाणारेही तेच. कारण शेवटी खायला मिळतं. खायला मिळालं की लोक चवीबद्दल बोलतात आणि इतिहास बाजूला राहतो.

येल विद्यापीठाच्या संग्रहात मातीच्या काही पाट्या आहेत, मेसोपोटेमियातल्या, इ.स.पू. १७०० च्या आसपासच्या. कीलाकार लिपीत त्यांवर पाककृती आहेत. एकट्या एका पाटीवर पंचवीस रश्श्यांच्या. जगातल्या सर्वांत जुन्या लिखित पाककृतींमध्ये त्यांची गणना होते. कृती अशी, साधारण: मांस लागेल, पाणी ठेव, चरबी घाल, अमुक घाल, तमुक घाल, कांद्याच्या जातीचं काहीतरी आणि लसूण वाटून घाल. संपलं. माप नाही, वेळ नाही, आच किती ते नाही. काही घटक तर नेमके कोणते हेही ठरलेलं नाही.

आता ही पाटी वर्गात वाचली तर ‘अपुरी माहिती’ असा शेरा मारून आपण पुढे जातो. तीच पाटी चुलीशेजारी ठेवून रांधायला घेतली की पाच मिनिटांत भांडण सुरू होतं. चरबी आधी की पाणी आधी? वाटण शेवटी घालायचं म्हणजे शिजवायचं की कच्चंच ठेवायचं? दोन गट पाडले तर दोन वेगळे पदार्थ तयार होतात, आणि दोन्ही पाटीला धरून. इथे खरा प्रश्न पुढे येतो: मग ही पाटी लिहिली कोणासाठी? रोज रांधणाऱ्याला हे आधीच येत असणार, आणि स्वयंपाकघरातल्या माणसाला त्या काळी लिपी येत असण्याची शक्यता कमी. म्हणजे ही पाककृती ‘शिकवण्यासाठी’ लिहिलेलीच नसावी. ती कदाचित नोंद असेल, दरबारी वैभवाची यादी असेल किंवा लेखनिकांचं विद्याप्रदर्शन असेल. हा मुद्दा अभ्यासकांनी लिहून ठेवलेला आहेच. पण रस्सा ढवळत असताना तो स्वतःला सुचणं वेगळं.

दुसरं उदाहरण दळणाचं. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण यात चव नाही आणि म्हणूनच ते जास्त शिकवतं.

फिरतं जातं येण्यापूर्वी कित्येक हजार वर्षं माणसं मधे खोलगट झालेल्या दगडावर धान्य ठेवून दुसऱ्या दगडाने पुढेमागे घासत असत. पाट्यासारखंच, पण जमिनीवर, गुडघे टेकून. उत्तर सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाचं ठिकाण होतं. धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी १९७२-७३ मध्ये तिथे घाईघाईने उत्खनन झालं. तिथल्या नवाश्मयुगीन सांगाड्यांचा अभ्यास थेया मोलेसन यांनी केला. अनेक सांगाड्यांत पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलेला, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा, पाठीचे खालचे मणके खराब. हे सांगाडे मुख्यतः स्त्रियांचे होते. मोलेसन यांनी निष्कर्ष काढला, हे रोज तासन्‌तास गुडघ्यांवर बसून दळण्याचे परिणाम.

ही माहिती वाचायला अर्धं मिनिट लागतं. आता तसा दगड समोर ठेवून दळायला बसा. पहिली पाच मिनिटं मजा वाटते. मग लक्षात येतं की जोर हातातून नाही, कमरेतून द्यावा लागतो. आणि कमरेतून जोर द्यायचा तर पायाची बोटं मागे दुमडून जमिनीत रोवावी लागतात. अंगठा तिथेच दुखायला लागतो, बरोबर जिथे त्या सांगाड्यांचा झिजलेला असतो. पंधरा मिनिटांनी ओंजळभर भरड होते, त्यात थोडी दगडाची कच. अशी कच खाल्ल्याने दातही झिजत, आणि जुन्या दातांवर तशी झीज दिसते. चार माणसांच्या जेवणाला किती तास? हा हिशेब तिथेच बसल्या बसल्या करता येतो. आणि मग ‘शेती आली, माणूस स्थिर झाला, प्रगती झाली’ या शाळेत पाठ केलेल्या वाक्यातला माणूस नेमका कोण, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

रोमन पावाचाही एक चांगला धडा होऊ शकतो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात कोळसा झालेला एक पाव इटलीतल्या हर्क्युलेनियम या गाडल्या गेलेल्या शहरात सापडला आहे. गोल, वरून आठ भागांत कापलेला, आणि त्यावर शिक्का: क्विंटस ग्रानियस वेरस याचा गुलाम केलेर, याचा पाव. असा पाव कोणालाही भाजता येतो. पण पावावर नाव का? बहुधा अनेकांचे पाव एकाच भट्टीत भाजले जात, म्हणून आपला ओळखायला. आणि नाव गुलामाचं का? या प्रश्नावर अर्धा तास न घालवता जो शिक्षक ताजा पाव ऑलिव्ह तेलासोबत वाढायला घेतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

सूत, शाई आणि निळा रंग

हस्तकलेत मुख्य विषय वेळ. कोणत्या कामाला किती वेळ लागे हे हाताने केल्याशिवाय अंगात मुरत नाही, आणि आर्थिक इतिहासाचा निम्मा भाग त्यावरच उभा आहे.

टकळीवर सूत कातून बघा. नवशिक्याच्या हातात पहिला तास नुसता तुटलेल्या धाग्यांत जातो. हात बसला तरी गती बेताची, कारण धागा ओढणं, पीळ देणं, गुंडाळणं हे सगळं एकाच माणसाने करायचं. आता शेजारी माग ठेवा. विणकर ते सूत बघता बघता संपवतो. एका मागाला सूत पुरवायला अनेक कातणारी माणसं लागत. १७३३ मध्ये जॉन केने धावता धोटा आणला, विणकाम आणखी वेगाने होऊ लागलं आणि सुताची टंचाई आणखी बोचू लागली. १७६० च्या दशकात एकाच वेळी अनेक धागे कातणारं ‘जेनी’ हे यंत्र इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्येच का निघालं, हे समजायला हातात टकळी घेतलेला तासभर पुरतो. पाठ्यपुस्तकात शोधांची यादी असते. सूत संपल्यावर रिकामा बसलेला माग दिसला की त्या यादीतला एक शोध दुसऱ्याच्या पाठोपाठ का आला ते दिसतं.

माझी आवडती कार्यशाळा मात्र शाईची. ओकच्या झाडावर एक बारीक गांधीलमाशी अंडं घालते, झाड त्याभोवती गाठ तयार करतं. ही गाठ म्हणजे मायफळ. त्यात टॅनिन भरपूर. सीरियातल्या अलेप्पोची मायफळं एकेकाळी सर्वोत्तम समजली जात. ती कुटून रात्रभर पाण्यात भिजवली की चहासारखं तपकिरी पाणी मिळतं. त्यात हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, टाकलं की पाणी क्षणात जांभळट काळं होतं. लहान मुलं असतील तर ओरडतात. शेवटी बाभळीच्या जातीचा डिंक, म्हणजे शाई बोरूवर धरून राहते आणि कागदावर पसरत नाही. चौथ्या शतकातल्या बायबलच्या हस्तलिखितापासून जर्मन संगीतकार बाखच्या स्वरलेखनापर्यंत युरोपचा बहुतेक लिखित इतिहास याच शाईत आहे.

गंमत पुढे आहे. ही शाई लिहिताना फिकट राखाडी दिसते आणि तासाभरात, दिवसाभरात गडद होत जाते. कारण काळा रंग पूर्णपणे बनतो तो हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन, कागदाच्या तंतूंच्या आत. तिथे तो असा रुतून बसतो की पुसता येत नाही, खरवडावा लागतो आणि खरवडल्याची खूण राहते. म्हणूनच करारनामे, दस्तऐवज, निवाडे यांसाठी ती शतकानुशतकं पसंत होती. फसवणूक टाळण्याचा कायदेशीर उपाय रसायनशास्त्राने पुरवला होता म्हणा ना. पण हीच शाई आम्लधर्मी असते. हिराकस प्रमाणाबाहेर पडलं तर वर्षांनुवर्षं ती कागद खात राहते, आणि अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोकं उरतात. बाखच्या काही हस्तलिखितांचं तेच झालं आणि ती वाचवायला मोठे कष्ट घ्यावे लागले.

निळीबद्दल थोडक्यात. निळीचा पिंड साध्या पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे संपूर्ण रंगकाम उलटं चालतं असं वाटतं: आंबवणीच्या पिंपात, अल्कधर्मी पाण्यात, प्राणवायू काढून घेतल्यावर नीळ विरघळते आणि निळी न राहता पिवळट हिरवी होते. कापड बुडवून बाहेर काढलं की हवेत डोळ्यांदेखत हिरव्याचं निळं होतं. पेरूमधल्या उआका प्रिएता इथे असं रंगवलेलं सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचं कापड सापडलं आहे. सुंदर दृश्य आहे, आणि तिथेच धोका आहे. निळीच्या कार्यशाळेतून लोक निळे रुमाल घेऊन हसत बाहेर पडतात. निळीसाठी कॅरिबियन मळ्यांवर गुलाम राबले, बंगालमध्ये शेतकऱ्यांना सक्तीने नीळ पेरायला लावली आणि १८५९ मध्ये त्यांनी बंड केलं. १८९७ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि नैसर्गिक निळीचा व्यापार काही वर्षांत कोसळला. रुमालाबरोबर हेही गेलं पाहिजे. रंगकाम तासाभरात आटोपतं, पण पिंप आंबवणाऱ्याच्या कपड्यांतून त्याचा वास जात नाही. निदान एवढं तरी शिक्षकाने हुंगायला लावावं.

पडद्यावर काय दिसतं आणि काय नाही

चित्रपट या यादीत कसा आला? तो तर पाहायचा असतो. पण चित्रपट हीसुद्धा हाताने केलेली वस्तू आहे आणि ती कशी केली हे कळलं की पुरावा म्हणून तिची किंमत वेगळी दिसते.

ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून खेळ केला. त्यातला एक तुकडा, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, जेमतेम पन्नास सेकंदांचा. वास्तव टिपणारी सिनेमाची पहिली नजर, असं त्याचं कौतुक होतं. पण त्याच्या तीन आवृत्त्या आहेत. एकीत एका घोड्याची गाडी, एकीत दोन घोड्यांची, एकीत घोडाच नाही. म्हणजे तेच कामगार पुन्हा पुन्हा बाहेर आणले गेले. तिन्ही शेजारी शेजारी लावून, कपडे, सावल्या, दाराची उघडझाप याकडे बोट दाखवत पाहिलं की ‘वास्तव’ या शब्दाला पहिल्याच दिवशी कसा पुनर्प्रयोग चिकटला ते समजतं.

मग हँडल फिरवायला घ्यायचं. सुरुवातीचे कॅमेरे हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा चौकटी, पण हात थकला की कमी, घाई झाली की जास्त. बोलपट आल्यावर ध्वनीसाठी चोवीस चौकटींची गती पक्की झाली, आणि जुन्या फिती त्या गतीने दाखवल्या की माणसं तुरुतुरु पळताना दिसू लागली. ‘जुन्या काळचे लोक’ म्हटलं की डोळ्यांसमोर येणारी ती विनोदी चाल त्यांची नाही, आपल्या प्रक्षेपकाची आहे. स्वतः हँडल फिरवून, मग दोन गतींनी बघितलं की हा गैरसमज कायमचा जातो.

मला सर्वांत भावलेला प्रयोग पहिल्या महायुद्धातल्या एका फितीवरचा. १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईवरचा माहितीपट लढाई चालू असतानाच प्रदर्शित झाला आणि कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. त्यात सैनिक खंदकातून वर चढून धावतात आणि काही जण कोसळतात, हे दृश्य आजही युद्धावरच्या कार्यक्रमांत वापरलं जातं. अभ्यासकांच्या मते ते आघाडीमागे, प्रशिक्षणाच्या जागी, पुन्हा करवून घेतलेलं आहे. हे सांगून टाकण्याऐवजी चांगला शिक्षक काय करतो? तो दृश्य थांबवतो आणि विचारतो: कॅमेरा कुठे आहे? मुलं जमिनीवर खडूने खंदक आखतात, सैनिकांच्या जागी उभी राहतात, आणि मोबाईल घेऊन तीच चौकट शोधतात. चौकट मिळते तेव्हा मोबाईल धरणारा उघड्यावर उभा असतो, गोळ्यांच्या वाटेत, मोठा तिपाई कॅमेरा आणि हाताने फिरवायचं हँडल घेऊन. मग कोणीतरी सैनिकांच्या पाठीवर पुरेसं सामान नसल्याचं दाखवतं. निष्कर्ष कोणी सांगावा लागत नाही.

त्याच माहितीपटातली इतर बरीच दृश्यं खरी आहेत, जखमींची, थकलेल्या चेहऱ्यांची. एका दृश्यामुळे सगळंच खोटं ठरवणं ही उलटी चूक. तीही वर्गात हमखास होते.

मर्यादा

रस्सा पुन्हा बनवता येतो, भूक बनवता येत नाही. आपण पोटभर न्याहारी करून मेसोपोटेमियाचा रस्सा चाखायला बसतो. आपल्या जिभेला साखरेची, मिरचीची, बर्फाची सवय आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका हे तर १४९२ नंतर अमेरिकेतून बाकीच्या जगात गेले. गव्हाच्या जाती बदलल्या, जनावरं बदलली. दोन तास दळून हात धुऊन जाणं आणि जन्मभर दळणं यांतलं अंतर कोणतीही कार्यशाळा मिटवत नाही. शिवाय विषारी कामं आपण करतच नाही, आणि ते योग्यच. पाऱ्याने सोन्याचा मुलामा देणाऱ्याची फुफ्फुसं, शिशाचा पांढरा रंग कुटणाऱ्याचे हात, हे फक्त सांगावं लागतं. जो अभ्यासक्रम हे सांगत नाही, तो गतकाळाची फक्त सुगंधी बाजू विकतो.

म्हणून नाव नोंदवण्याआधी मी आयोजकांना दोनच गोष्टी विचारते. समोर मूळ साधन असणार का? म्हणजे पाटीचं भाषांतर, हस्तलिखिताचं छायाचित्र, मूळ फीत. नुसती ‘प्राचीन पाककृती’ नव्हे. आणि बिघडलं तर त्यावर बोलायला वेळ राखला आहे का? दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण गोंधळतात. ‘बिघडणार नाही, आम्ही सगळं तयार ठेवतो,’ असं उत्तर आलं की मी पैसे भरत नाही. सगळं मोजून, भिजवून, चाळून ठेवलेलं असेल तर शिकायचं काय उरतं?

बिघडण्यातून काय निघतं याचा उत्तम नमुना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे. इतिहासकार पामेला स्मिथ यांनी तिथे २०१४ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. सोळाव्या शतकाच्या अखेरचं, एका अनामिक फ्रेंच कारागिराचं हस्तलिखित घ्यायचं, त्यातल्या नऊशेहून अधिक नोंदींपैकी निवडक प्रयोगशाळेत करून बघायच्या, असा तो प्रकल्प. २०२० मध्ये त्यांनी ते हस्तलिखित भाषांतर आणि प्रयोगांच्या टिपांसह सर्वांसाठी खुलं केलं. त्यातली एक नोंद ओतकामाची आहे: भट्टीतून काढलेल्या गरम पावाच्या गाभ्यात पदक दाबायचं, साचा तयार होतो, त्यात गंधक ओतायचं. वाचताना वेडगळ वाटतं. विद्यार्थ्यांना आधी कारागिराच्या काळाजवळ जाणारा पाव शोधावा लागला, म्हणजे आंबवण, पीठ, भट्टी, सगळं. कारागिरीचा अभ्यास करायला आलेली मंडळी पाव भाजत बसली. हस्तलिखितात पुढे लिहिलं आहे की साचा वाळला की आकसतो, म्हणजे पदकाची लहान आवृत्ती मिळते. दोष म्हणून जे डोळ्यांत भरलं असतं ते त्या कारागिराने तंत्र म्हणून वापरलं होतं. आणि अन्न एका खान्यात, कला दुसऱ्या खान्यात, अशी आपली विभागणी त्याच्या ध्यानीमनीही नव्हती. घरात पाव होता, त्याने पाव वापरला.

तुम्ही जाणारच असाल तर एक वही न्या आणि हात धुण्याआधी लिहा. धुतल्यावर आठवणी नीटनेटक्या होतात. कुठे अडलं, काय तुटलं, शिक्षकाने कोणत्या क्षणी तुमच्या हातातून काम काढून घेतलं, हेच लिहायचं.

माझ्या पहिल्या शाईच्या वेळी घाईत हिराकस दुप्पट पडलं. शाई सुंदर काळीभोर झाली, इतरांपेक्षा जास्त, आणि मी मिरवली. त्याच शाईने वहीत तारखेची एक ओळ लिहून ठेवली आहे. आता त्या ओळीच्या मागच्या बाजूला तपकिरी छाया उमटली आहे आणि शिरोरेषेखाली कागद बोटाला ठिसूळ लागतो. भोक अजून पडलेलं नाही. मी अधूनमधून वही उघडून बघते.